दोन टिपमन, एक स्पायडर आणि हवा असलेला एकच मार्कर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही इंडियानात शिकता. तुमच्याकडे टिपमन ९८ कस्टम हा पेंटबॉलचा मार्कर आहे (म्हणजे रंगाच्या गोळ्या गॅसच्या दाबाने मारणारी बंदूक), जुना पण चालू. खोलीतल्या मित्राने जाताना टाकून दिलेला टिपमन ए-५ आहे. त्याच्या बॉडीला भेग गेलीय, मात्र सायक्लोन फीड (गोळ्या पुरवणारी यंत्रणा), इलेक्ट्रॉनिक ग्रिप, म्हणजे चापाची मूठ, आणि बॅरल, म्हणजे पुढची नळी, ठणठणीत. तिसरा गराज सेलमध्ये चार पैशांत मिळालेला स्पायडर. गॅसची टाकी लावली की तो बॅरलमधून फुसफुसत राहतो, पण त्याची १४ इंची बॅरल आणि पुढचा उभा रेग्युलेटर (गॅसचा दाब आवरणारा भाग) तुमच्या डोळ्यांत भरलाय. या तिघांतलं चांगलं चांगलं काढून एक तगडा मार्कर करायचाय, आणि कशाला काय बसतं याची यादी हवीय.

यादी देतो, पण नुसती यादी हातात पडली तर तुम्ही शनिवारी सगळं उलगडून बसाल आणि रविवारी रात्री टेबलावर स्क्रूंचा ढीग आणि डोक्याला हात, अशी गत होईल. मी हे अनुभवाने सांगतोय. न्यू जर्सीतल्या एका पेंटबॉल मैदानाच्या मागच्या खोलीत मी १४ वर्षं शनिवार-रविवार मार्कर दुरुस्त करतोय. इथे या कामाला ‘एअरस्मिथ’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत हवेचा लोहार. भाड्याने द्यायचे मार्कर बहुतेक ९८ जातीचे. लोक ते चिखलात आपटतात, उलटे धरून धावतात, कुणी कुबडीसारखे टेकवून उभे राहतात. हंगाम संपला की तीन मोडक्यांतून दोन चालू करणं हे माझं हिवाळ्याचं काम. त्यामुळे एकाचं दुसऱ्याला लावण्याची हौस माझी पुरेपूर भागलीय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तुम्ही सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, वापरता की दाबाची हवा? हिवाळ्यात खेळता का? ए-५ ची भेग नेमकी कुठे आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत्ताच्या ९८ मध्ये तुम्हाला खुपतंय काय? गोळी सरळ जात नाही, गोळ्या आत फुटतात, की नुसता हात शिवशिवतोय? शेवटचं कारण असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, निम्मे लोक त्यासाठीच येतात. पण प्रत्येक कारणाचं औषध वेगळं आहे.

आता खरी अडचण. ‘बसतं’ आणि ‘चालतं’ यांत फरक आहे. माझे काका इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर होते, म्हणजे मागांचा मेकॅनिक. लहानपणी सुट्टीत त्यांच्यामागे पान्यांची पिशवी घेऊन हिंडायचो. ते एका मागाची फणी, चाकं, पट्टे दुसऱ्याला बिनदिक्कत लावायचे. पण धोट्याला टोला देणारी जी यंत्रणा असते, तिच्यातला एकही तुकडा दुसऱ्या बनावटीचा लावू द्यायचे नाहीत. कुणीतरी तसं केलं होतं आणि धोटा मागातून उडून समोरच्या भिंतीत बसला होता. ते भोक काका येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. मार्करचंही तसंच आहे. त्याचा बाहेरचा भाग बाजारपेठेसारखा, तिथे देवाणघेवाण चालते. आतला भाग एकत्र कुटुंबासारखा, सगळे एकमेकांच्या सवयीने जगतात. त्यातला एक उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवला की दोन्ही घरं बिघडतात.

हे कुटुंब कोणतं ते ९८ उघडून दाखवतो. टाकी काढा, मोकळ्या जागेत सुरक्षित दिशेने दोनदा चाप ओढून उरलेला गॅस बाहेर जाऊ द्या, आणि मगच एलन की हातात घ्या. ९८ ची बॉडी म्हणजे अॅल्युमिनियमच्या दोन फाका. डावी उचलली की उजवीत सगळं मांडलेलं दिसतं, शेंग सोलल्यासारखं. सगळ्यात मागे मुख्य स्प्रिंग, तिच्यापुढे मागचा बोल्ट (नट-बोल्टातला नव्हे, मागेपुढे सरकणारा दट्ट्या), मधोमध व्हॉल्व्ह, त्यापुढे पुढचा बोल्ट आणि दोन्ही बोल्टना जोडणारी एक लांब सळई. खाली चापाजवळ सीअर, म्हणजे मागचा बोल्ट ज्याला अडकून थांबतो ती खिट्टी. चाप ओढला की खिट्टी सुटते, स्प्रिंग मागच्या बोल्टला पुढे ढकलते, सळईमुळे पुढचा बोल्टही पुढे सरकतो आणि गोळीला बॅरलमध्ये लोटतो. मागचा बोल्ट व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. त्या क्षणात गॅसचे दोन वाटे होतात. एक वाटा पुढे जाऊन गोळी मारतो, दुसरा मागे जाऊन मागच्या बोल्टला परत खिट्टीपर्यंत ढकलतो. चक्र पूर्ण.

या वाट्यांचा हिशेब फार नाजूक आहे. स्प्रिंग किती कडक, बोल्ट किती जड, व्हॉल्व्हची आतली स्प्रिंग किती ताठ, ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, किती घट्ट आणि गॅसचा दाब किती, हे पाच जण मिळून तो ठरवतात. एकाला बदललं की बाकीच्या चौघांना कळतं.

मला हे कळलं ते एका नोव्हेंबरच्या सकाळी. तेव्हा नवा होतो, हात शिवशिवत होते. एका ९८ मध्ये कुठल्यातरी निराळ्या संचातली कडक स्प्रिंग घातली. खोलीत, हीटर चालू असताना, मार्कर झकास चालला. खेळाडू तो घेऊन मैदानात गेला. बाहेर जेमतेम शून्याच्या वर होतं आणि टाकी सीओटूची. सीओटूचा दाब हवामानावर नाचतो: २१ अंश सेल्सिअसला तो ८५० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) आसपास असतो, शून्याला ५०० पर्यंत उतरतो. पाठोपाठ मारत गेलं की द्रवाची वाफ होताना टाकी आणखी गार पडते. झालं असं की गॅसचा मागचा वाटा कमी पडला आणि कडक स्प्रिंगला मागे रेटायला तो पुरेना. मागचा बोल्ट खिट्टीपर्यंत पोचायच्या आत स्प्रिंगने त्याला पुन्हा पुढे फेकलं. पुन्हा व्हॉल्व्ह उघडला, पुन्हा अर्ध्यावरून परत. एकदा चाप ओढला आणि मार्कर शिवणयंत्रासारखा तडतडत सुटला, गोळ्या अर्धवट जोराने, दोन तर बॅरलमध्येच फुटल्या. खेळाडूने बिचाऱ्याने नळी जमिनीकडे धरली म्हणून ठीक. मैदानाच्या मालकाने मला काही म्हटलं नाही, फक्त ती स्प्रिंग माझ्या टेबलावर आणून ठेवली. अजून ती खिळ्याला टांगलेली आहे.

म्हणून माझा पहिला नियम असा की मागचा बोल्ट, मुख्य स्प्रिंग, व्हॉल्व्ह आणि खिट्टी यांची सरमिसळ करायची नाही. ९८ आणि ए-५ एकाच घरचे असल्यामुळे त्यांच्यात काही किरकोळ भाग सारखे सापडतात, पण डोळ्यांना सारखं दिसतं म्हणून लावू नका. दोन्हींच्या माहितीपुस्तिकांत सुट्या भागांची आकृती असते, तिच्यातला भाग क्रमांक जुळला तरच. स्पायडरच्या पोटातलं तर काहीच इकडे आणू नका. त्याची मांडणीच वेगळी आहे: वर एक नळी, खाली एक नळी, वरच्यात बोल्ट, खालच्यात व्हॉल्व्हवर आपटणारा हॅमर, दोघांना जोडणारी एक पिन.

आता बाहेरचा बाजार. बॅरलपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांचं पहिलं प्रेम तेच.

बॅरल बसणं म्हणजे आटे जुळणं. तुमच्या तीन मार्करांचे आटे तीन प्रकारचे आहेत. ९८ चे वेगळे, ए-५ चे वेगळे, स्पायडरचे वेगळे. एकाच कंपनीचे असून ९८ आणि ए-५ चे जुळत नाहीत, यावर दर महिन्याला कुणीतरी माझ्याशी वाद घालतं. बाजारात सगळ्यात जास्त चालणारे आटे ऑटोकॉकर नावाच्या मार्करचे, त्यामुळे चांगल्या बॅरल बहुधा त्याच आट्यांत मिळतात. शंका असेल तेव्हा नुसत्या बोटांनी फिरवून बघायचं. दोन-तीन पूर्ण फेरे लोण्यासारखे गेले तर आटे बरोबर. अर्ध्या फेऱ्यात अडलं की लगेच उलटं फिरवून काढा. तिथे पाना लावलात तर अॅल्युमिनियमचे आटे मेणासारखे खरवडून निघतात, आणि बॅरलपेक्षा बॉडीचे गेले तर सगळा मार्करच गेला.

मधे अॅडॅप्टर लावून वेगळ्या आट्यांची बॅरल बसवता येते. मी लावतो, पण लावल्यावर एक गोष्ट न चुकता बघतो. मार्कर उघडा असताना, बोल्ट बाहेर काढलेला आणि टाकी दूर ठेवलेली, अशा वेळी मागच्या बाजूने डोळा लावून पांढऱ्या भिंतीकडे बघायचं. गोळीची खोली, अॅडॅप्टर आणि बॅरल यांची वर्तुळं एकात एक नीट बसलेली दिसली पाहिजेत, वाट्या एकात एक ठेवल्यासारखी. एका कडेला चंद्रकोर दिसली तर अॅडॅप्टर तिरका आहे. गोळी त्या कोरीला घासून जाणार, मग ती १४ इंची असो नाहीतर सोन्याची.

आणि लांबीचा मोह सोडा. गोळीला लागणारा जोर बॅरलच्या पहिल्या काही इंचांतच मिळून जातो. पुढची लांबी आवाज थोडा मऊ करते, झुडपातून नेम धरायला बरी वाटते, पण जास्त झाली तर नुसतं घर्षण. नेमाला खरा फरक पडतो तो बॅरलचा आतला व्यास आणि गोळीचा आकार जुळण्याने. गोळी म्हणायला ०.६८ इंची, म्हणजे सतराएक मिलिमीटर, पण जिलेटिनचं कवच दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं. माझ्या खोलीतली चाचणी साधी आहे: बॅरल सुटी घ्या, मागच्या टोकाला गोळी टाका. आपोआप घरंगळून बाहेर पडली तर बॅरल सैल, फुंकूनही हलली नाही तर घट्ट. जागेवर थांबली आणि हलक्या फुंकरीने सरकून गेली तर जोडी जमली. लग्नाची असते तितकी अवघड नाही ही.

तुमच्या ए-५ वर फ्लॅटलाइन जातीची वाकडी बॅरल असेल तर ती वेगळी गोष्ट. ती आतून मुद्दाम खरखरीत आणि थोडी वळलेली असते, त्यामुळे गोळीला उलटी फिरकी मिळून ती लांबपर्यंत सपाट जाते. ९८ ची फ्लॅटलाइन आणि ए-५ ची फ्लॅटलाइन हे वेगळे भाग आहेत, अदलाबदल होत नाही.

सायक्लोन फीडबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त आशा आहे आणि तिथेच मी पाणी ओतणार आहे. साधा डबा, म्हणजे हॉपर, गोळ्या वजनाने खाली सोडतो. तुम्ही त्याच्यापेक्षा जलद मारलंत की गोळी अर्धी आत असताना बोल्ट येतो आणि तिचे दोन तुकडे करतो. सायक्लोनमध्ये प्रत्येक शॉटमागे थोडासा गॅस एका छोट्या पिस्टनला मिळतो, तो पाच खाचांचं चक्र एक घर पुढे फिरवतो, पुढची गोळी जागेवर. बॅटरी नाही, मोटर नाही, मारण्याच्या वेगाशी आपोआप जुळतं. मला विचाराल तर टिपमनच्या घरातली ही सगळ्यात हुशार कल्पना. पण बघा, तो गॅस येतो कुठून? मार्करच्या पोटातून. म्हणजे ही फीड बाहेर लटकलेली दिसली तरी तिची नाळ आत जोडलेली आहे. ए-५ च्या बॉडीत त्या नाळेची आणि चक्राची जागा ओतकामातच आहे. तुमच्या ९८ मध्ये ती नाही. ९८ ला सायक्लोन हवी तर ९८ साठी केलेला संच लागतो. ए-५ ची उपटून, भोक पाडून, इपॉक्सी लावून बसवलेली मी पाहिलीय. ती सुंदर दिसत होती, आणि तिसऱ्या डब्यापर्यंत चाललीसुद्धा.

इलेक्ट्रॉनिक ग्रिपचंही जवळपास तेच. ए-५ चा ग्रिप वेगळा सुटतो, पिना काढल्या की हातात येतो. ९८ चा ग्रिप बॉडीच्या त्या दोन फाकांतच ओतलेला. त्यामुळे हा त्याला बसायचा प्रश्नच नाही.

ग्रिपचा विषय निघालाच आहे तर एक गोंधळ मिटवतो. ‘इलेक्ट्रॉनिक मार्करला सीओटू चालत नाही’ हे तुम्ही ऐकलं असेल. अर्धं खरं आहे. टिपमनच्या या ग्रिपमध्ये विजेवर चालणारा चुंबक फक्त खिट्टी पाडतो, गॅस त्याच्यातून जातच नाही, म्हणून सीओटू चालतो. स्मार्ट पार्ट्स आयनसारख्या मार्करमध्ये मात्र विजेचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह खुद्द हवेची वाट उघडतो-बंद करतो. तिथे द्रवरूप गार सीओटू शिरला की आतली रबरं खलास. अशा मार्करना फक्त दाबाची हवा.

स्पायडरवरचा रेग्युलेटर काढून ९८ ला लावता येईल का? लावता येईल, पाइप आणि फिटिंग मिळतात. पण कशासाठी? दाबाच्या हवेची टाकी असेल तर टाकीत ३००० किंवा ४५०० पीएसआय भरलेले असतात आणि टाकीच्याच तोंडावर रेग्युलेटर असतो, तो साधारण ८०० ते ८५० बाहेर सोडतो. ९८ ला तेवढंच हवं असतं. त्यापुढे दुसरा रेग्युलेटर म्हणजे वरणात पुन्हा फोडणी. सीओटूवर खेळत असाल तर थोडा उपयोग होईल, पण तो पैसा दाबाच्या हवेची टाकी घेण्यात घाला, सगळ्या कटकटी एकदम जातात. फक्त टाकी घेताना तिचा बाहेरचा दाब विचारा. ४५० सोडणारी कमी दाबाची टाकी कुणी स्वस्तात गळ्यात मारली तर ९८ त्या नोव्हेंबरच्या सकाळसारखाच वागेल. (महाराष्ट्रात खेळणारे कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी उलट बाजू: ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहतच नाही, दाब हजारच्या पुढे जातो. भरलेली टाकी मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका.)

हवेच्या जोडणीत टाकीच्या तोंडाचे आटे सगळीकडे एकच आहेत, म्हणून तिन्ही मार्करना एकच टाकी लागते. ती सोय आहे आणि धोकाही तिथेच आहे. टाकी फिरवून काढताना कधीकधी मार्करमधून टाकी सुटण्याऐवजी टाकीतून तिचा व्हॉल्व्ह सुटायला लागतो. तो पूर्ण सुटला की टाकी रॉकेटसारखी उडते. अमेरिकेत यात माणसं दगावली आहेत. उपाय दोन मिनिटांचा: व्हॉल्व्हपासून टाकीच्या गळ्यापर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. टाकी काढताना रेघ अखंड फिरली पाहिजे. तुटलेली दिसली की थांबा, काढण्याच्या दिशेला आणखी फिरवू नका, तशीच जाणकाराकडे न्या. जुन्या टाक्या विकत घेताना दाबचाचणीची तारीखही बघा, इथे साधारण पाच वर्षांनी ती करावी लागते. बाकी पाइपांच्या बारीक फिटिंगला टेफ्लॉन टेप लावा, पण पहिला आटा मोकळा सोडून. टेपचा तुकडा आत गेला की व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो आणि गळती शोधता शोधता दिवस जातो.

तुम्हाला खरोखर वेगवेगळ्या घरांतून भाग आणून एक मार्कर उभा करायची हौस असेल, तर त्यासाठी बनलेलाच एक मार्कर आहे: बड ऑर यांचा ऑटोकॉकर. त्याची हवेची यंत्रणा पुढे उघड्यावर मांडलेली असते. कमी दाबाचा रेग्युलेटर, तीन वाटांचा व्हॉल्व्ह, बोल्ट मागे-पुढे करणारा छोटा पिस्टन. यातला प्रत्येक भाग वेगवेगळ्या कारखान्यांनी बनवला, लोकांनी वर्षानुवर्षं अदलाबदल केली, कुणाचे दोन ऑटोकॉकर सारखे दिसत नाहीत. पण तिथे किंमत मोजावी लागते ती टायमिंगने. चाप ओढताना आधी खिट्टी पडून गोळी सुटली पाहिजे आणि त्यानंतरच तीन वाटांच्या व्हॉल्व्हने हवा फिरवून बोल्ट मागे न्यायला हवा. हा क्रम केसभर उलटला की गोळी सुटतानाच बोल्ट उघडतो आणि गॅस वर हॉपरमध्ये घुसून गोळ्यांचं कारंजं होतं. पहिला ऑटोकॉकर जुळवायला मला तीन संध्याकाळी लागल्या, चौथ्या संध्याकाळी बायकोने जेवणाच्या टेबलावरून तो हलवायला लावला. मला तो मार्कर आवडतो. तुमचा पहिला प्रकल्प म्हणून मात्र नको.

मग तुमच्या ढिगाचं काय करायचं? मी असतो तर तिघांचा एक करण्याच्या नादी लागलो नसतो, पाया ए-५ चा धरला असता. तुम्हाला हवं असलेलं सगळं, सायक्लोन, ग्रिप, बॅरल, ए-५ चंच आहे आणि ए-५ लाच बसतं. वांधा फक्त बॉडीचा. तेव्हा सगळे भाग नव्या घरी हलवण्यापेक्षा घरच नवं आणा. बिघडलेला, पोट रिकामं झालेला ए-५ जुन्या बाजारात मिळतो, कारण लोक त्याची सायक्लोन काढून विकतात आणि बॉडी पडून राहते. बॉडी घेताना दोन्ही फाका एकाच मार्करच्या घ्या. डावी एकाची आणि उजवी दुसऱ्याची लावली तर सांध्यावर नखाला लागेल इतकी कड राहू शकते, आणि ती नेमकी गोळीच्या वाटेत येते.

९८ जसा आहे तसा ठेवा, त्याला ओ-रिंगांचा नवा संच घाला. मागच्या बोल्टवरची ओ-रिंग झिजली की तो रडतखडत चालतो, आणि लोक उगाच स्प्रिंगला दोष देतात. टाकीच्या तोंडावरचीही बदला. पेंटबॉलचं तेल चारपाच थेंब द्या. गंज काढायचे फवारे रबर फुगवतात, ते जवळ आणू नका. हा ९८ मित्र आला की त्याच्या हातात द्यायला. स्पायडरची बॅरलमधून येणारी फुसफुस बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या कप सीलची असते. तो छोटा भाग बदलून बघा. नाहीच जमलं तर आटे सांगून बॅरल विका.

काहीही जोडलंत तरी शेवटचं काम वेग मोजण्याचं. मैदानावर क्रोनोग्राफ असतो, तो सेकंदाला किती फूट ते दाखवतो. वरची मर्यादा साधारण ३००, बरीच मैदानं २८० वर अडवतात, बंदिस्त जागेत आणखी कमी. बॅरल बदलली, टाकी बदलली, गोळ्यांची पेटी बदलली, हवामान बदललं, तरी पुन्हा मोजायचं. इथे दोन जातींचे मार्कर हाताळणाऱ्याची हमखास चूक होते. टिपमनच्या डाव्या बाजूचा स्क्रू आत फिरवला की गॅसची वाट अरुंद होऊन वेग कमी होतो. स्पायडरचा मागचा स्क्रू आत फिरवला की स्प्रिंग दाबली जाऊन वेग वाढतो. सवयीने फिरवलात तर कमी करायला गेलेला वेग वाढलेला असेल. पाव फेरा, तीन शॉट, पुन्हा पाव फेरा, असं चला. टिपमनचा स्क्रू बॉडीच्या पातळीच्या बाहेर येऊ देऊ नका. आणि डोळ्यांवर पेंटबॉलचाच मास्क हवा, खोलीत, टेबलापाशी, ‘एकदाच बघतो’ म्हणतानाही. कारखान्यातला चष्मा किंवा स्कीचा गॉगल नाही चालणार.

आता तुमच्याकडून एक हवंय. ए-५ च्या बॉडीचे दोन फोटो काढा, भेग नीट दिसेल अशा तिरप्या उजेडात. एक बाहेरून, एक फाका उघडून आतून. भेग वरच्या साइटच्या पट्टीत किंवा मागच्या टोकाच्या कडेला असेल तर वेगळी गोष्ट, कदाचित बॉडी वाचेलही. व्हॉल्व्ह धरणाऱ्या स्क्रूच्या भोकातून निघालेली असेल तर त्या बॉडीला पुन्हा टाकी लावू नका, फोटो येईपर्यंतही नाही.